बिघडलेल्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना

लॅपटॉप संथ चालू लागला, निळी स्क्रीन दाखवून मध्येच बंद पडू लागला किंवा सुरू होताना कंपनीच्या बोधचिन्हावरच अडकून राहू लागला, की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, असा. हा सल्ला पुष्कळदा योग्यही असतो. परंतु तो तपासणीनंतर द्यायचा असतो आणि अमलात आणण्यापूर्वी लॅपटॉपमधील माहिती सुखरूप बाहेर काढायची असते. घाईत नेमक्या याच दोन गोष्टी राहून जातात. ज्यांनी हे काम आजवर एकदाही केलेले नाही, त्यांना ते घरी बसून, न घाबरता आणि काहीही न गमावता करता यावे, यासाठी हे लिहीत आहे.

गेल्या मे महिन्यात आपल्या सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागाचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे आणला. तो सुरू केल्यापासून अर्ध्या तासात आपोआप बंद पडत असे. एका दुकानात त्याच्यावर दोन वेळा विंडोज टाकून झाली होती, दोन्ही वेळा पैसे गेले होते आणि दुसऱ्या वेळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील दोन महिन्यांच्या नोंदीही गेल्या होत्या. मी खालचे झाकण उघडले, तेव्हा पंखा आणि त्याच्यापुढची उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी यांच्यामध्ये सुताच्या तंतूंचा दाट थर बसलेला दिसला. चिमट्याने धरून ओढल्यावर तो वाकळेच्या तुकड्यासारखा अख्खा, एकसंध बाहेर आला. बाहेर पारा ४० अंशांच्या वर असताना त्या जाळीतून हवाच जात नव्हती, त्यामुळे प्रोसेसर तापून स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करत होता. त्या लॅपटॉपची विंडोज पहिल्या दिवसापासून ठीक होती.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहावे

म्हणून पहिली तपासणी उष्णतेची करावी. लॅपटॉप सुरू केल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी तळाशी हात लावून पाहावा आणि बाजूच्या झरोक्यातून गरम हवा जोराने बाहेर येते का, हे पाहावे. पंखा मोठ्याने फिरत आहे पण हवा येत नाही, असे असेल तर जाळी तुंबलेली आहे असे समजावे. साखर पेठ किंवा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या, माग चालणाऱ्या भागातील लॅपटॉप वर्षातून एकदा तरी उघडून साफ करून घेणे मी आवश्यकच मानतो. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण ब्लोअरच्या झोताने ती बेफाम फिरली तर पंख्याचे नुकसान होऊ शकते.

दुसरी तपासणी डिस्कची. लॅपटॉपमध्ये जुन्या प्रकारची फिरती हार्ड डिस्क असेल आणि तिच्यातून ठरावीक अंतराने ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर पुढचे काहीही करण्यापूर्वी थेट माहिती वाचवण्याच्या कामाला लागावे. आवाज नसेल आणि विंडोज कशीबशी चालत असेल, तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन उतरवून घ्यावे. ते डिस्कची प्रकृती निळ्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवते. निळा रंग म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे डिस्कवरील काही जागा निकामी होऊ लागल्या आहेत, आणि अशा डिस्कवर नवी विंडोज टाकणे म्हणजे वाळवी लागलेल्या दारावर रंग देण्यासारखे आहे. तो पैसा एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, खर्च करावा. किंबहुना डिस्क चांगली असूनही ती फिरत्या प्रकारची असेल, तर नव्याने विंडोज टाकण्याचे कष्ट घेतच आहात म्हणून आधी एसएसडी बसवून घ्यावी, असेच मी आग्रहाने सांगेन. जुन्या लॅपटॉपला यापेक्षा जास्त वेग देणारा दुसरा बदल नाही.

तिसरी तपासणी रॅमची, म्हणजे लॅपटॉप चालू असताना तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या स्मृतीची. स्टार्टमधील शोधाच्या चौकटीत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून ते चालवावे. लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन स्वतःची रॅम तपासतो. चुका आढळल्या तर रॅमची पट्टी काढून, तिची टोके पुसून पुन्हा घट्ट बसवावी आणि तपासणी पुन्हा करावी. तरीही चुका निघाल्या तर पट्टी बदलावी.

या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच बिघाड विंडोजमध्ये आहे असे धरून पुढे जावे. तेव्हाही लगेच सगळे पुसण्याची गरज नसते. लॅपटॉप सुरू होत असताना, बोधचिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद करावा. असे लागोपाठ दोन-तीन वेळा केले, की विंडोज आपोआप दुरुस्तीचा पडदा उघडते. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’, नुकतेच आलेले अपडेट काढून टाकण्याची सोय आणि ‘सिस्टिम रिस्टोअर’ हे पर्याय असतात, आणि अनेक लॅपटॉप एवढ्यावरच ताळ्यावर येतात. त्याच ठिकाणी ‘रिसेट धिस पीसी’ हाही पर्याय असतो, ज्यात आपल्या फाइली ठेवून विंडोज नव्याने बसवता येते. मात्र ‘फाइली ठेवून’ याचा अर्थ आपण टाकलेले प्रोग्रॅम राहतात असा नव्हे, ते जातातच. शिवाय मूळ विंडोजच्या फाइली खराब झालेल्या असतील किंवा व्हायरसचा संशय असेल, तर पेनड्राइव्हवरून कोरी विंडोज टाकणे जास्त भरवशाचे ठरते.

माहिती बाहेर काढणे

या कामाला पूर्ण दिवस द्यावा लागला तरी चालेल. विंडोज तासाभरात टाकून होते, पण गेलेली माहिती परत मिळेलच याची कोणी हमी देत नाही.

एक गैरसमज मी फार वेळा पाहिला आहे. ‘माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे, त्याला काही होत नाही,’ असे लोक निर्धास्तपणे सांगतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे केलेले दोन भाग असतात, म्हणजे एकाच घरातील दोन खोल्या. डिस्क निकामी झाली तर दोन्ही जातात, आणि विंडोज टाकताना चुकून सर्व भाग पुसले गेले तरी दोन्ही जातात. म्हणून बॅकअप हा लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पुरेशा मोठ्या पेनड्राइव्हवरच घ्यावा.

सी ड्राइव्हमधील ‘युजर्स’ या फोल्डरात आपल्या नावाचे फोल्डर असते. ते संपूर्ण कॉपी करावे, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो एकदम येतात. परंतु आपल्या शहरात लॅपटॉपवर होणारी कामे पाहता एवढे पुरत नाही. टॅलीचा डेटा बहुधा त्या फोल्डरात नसतो. टॅली उघडून डेटाची जागा नेमकी कोणती, हे पाहून तो संपूर्ण फोल्डर उचलावा आणि टॅलीतूनच स्वतंत्र बॅकअपही घ्यावा. त्याचबरोबर टॅलीचा परवाना ‘सरेंडर’ करायला विसरू नये, कारण तो त्या बसवलेल्या प्रणालीशी जोडलेला असतो आणि तसाच ठेवून फॉरमॅट मारला तर नंतर तो पुन्हा सुरू करताना अडचण येते. जे लग्नपत्रिका, फलक किंवा छपाईची कामे करतात, त्यांनी श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट आणि त्यांची बसवण्याची मूळ प्रत हाताशी आहे याची खात्री करावी. ते फॉन्ट नसतील तर वर्षानुवर्षांच्या मराठी फाइली उघडतात खऱ्या, पण पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात. ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का, तेही आताच पाहावे.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर? त्यावर चांगला उपाय आहे. दुसऱ्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांपैकी एक मोफत प्रणाली उतरवून ‘रुफस’ या साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी आणि बिघडलेला लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा (त्यासाठीचे बटण पुढे ‘प्रत्यक्ष विंडोज टाकणे’ या भागात दिले आहे). ही प्रणाली डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवता येते. सुरुवातीला विचारले गेले तर ‘ट्राय’ निवडावे, ‘इन्स्टॉल’ नव्हे. मग फाइल्सच्या खिडकीत विंडोजचे भाग दिसतात आणि त्यांतील फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ओढून टाकता येतात. लॅपटॉप दुकानात न नेता एवढे करता आले, तरी मोठी चिंता मिटते.

तिथे तो भाग कुलूपबंद आहे असे दिसले, तर त्यावर ‘बिटलॉकर’ लावलेले आहे. अलीकडच्या लॅपटॉपवर हे कुलूप अनेकदा आपल्या नकळत लागलेले असते. ते उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते आणि ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती पाहता येते. की मिळाली नाही, तर त्या भागातील माहिती परत मिळवण्याचा मार्ग नाही. म्हणून लॅपटॉप चांगला चालू असतानाच ती कागदावर उतरवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

कॉपी झाल्यावर थांबावे, आणि बाहेरच्या डिस्कवरील चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. फोल्डराचा आकार बरोबर दिसतो म्हणून आतील फाइल उघडेलच असे नसते.

परवाना आणि प्रणालीची निवड

विंडोज ८ पासून कंपनीने विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपची परवाना-की मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर इंटरनेट जोडताच ती आपोआप सक्रिय होते आणि वेगळी विंडोज विकत घ्यावी लागत नाही. आपल्याकडील बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते. सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ या पानावर ती पाहून लिहून ठेवावी. ‘प्रो’ टाकून मग क्रॅकने, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणाऱ्या साधनाने, सुरू करण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो स्वीकारू नये. हक्काचा परवाना असताना चोरीची विंडोज टाकण्यात अर्थ नाही, आणि त्या क्रॅकसोबत व्हायरस येण्याचा धोका असतो.

लॅपटॉपसोबत ऑफिस मिळाले असेल, तर ते एका मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असते. खरेदीच्या वेळी दुकानातील मुलाने घाईत कुठला तरी ई-मेल तयार करून खाते उघडलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. तो ई-मेल आणि पासवर्ड आधी शोधून काढावा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नव्याने टाकायचीच असेल तर शक्य तिथे विंडोज ११ टाकावी. तिला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. लॅपटॉप त्याहून जुना असेल आणि काम इंटरनेट, अभ्यास व लेखन एवढेच असेल, तर लिनक्स मिंट टाकावी. ती मोफत आहे आणि तिची ‘एक्सएफसीई’ ही आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. टॅली किंवा श्रीलिपीवर ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्यांना मात्र विंडोजवरच राहावे लागेल.

पेनड्राइव्ह तयार करणे

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरचे सर्व पुसले जाते, म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह यासाठी कधीही वापरू नये. दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून, आणि फक्त तिथूनच, ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून चालवावे आणि ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ हा पर्याय निवडावा. काही जीबींची फाइल उतरते, त्यामुळे मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीमध्ये हे बसणार नाही. घरी ब्रॉडबँड नसेल तर शेजाऱ्यांचे वाय-फाय मागावे.

त्याच बैठकीत आपल्या लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक तळाच्या चिठ्ठीवरून पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा यासाठीचे छोटे सॉफ्टवेअर, उतरवून ठेवावा. इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल तर ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हरही घ्यावा आणि तो उलगडून पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवावा. त्याचे कारण पुढे येते.

प्रत्यक्ष विंडोज टाकणे

काम सुरू करताना चार्जर जोडलेला असावा. बॅटरी अजिबात टिकत नसेल तर लॅपटॉप इन्व्हर्टरच्या जोडणीवर लावावा, कारण उन्हाळ्यात दुपारी वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही आणि फाइली लिहिल्या जात असताना लॅपटॉप बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करावा आणि लगेच बूट मेनूचे, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या यादीचे, बटण एकसारखे टिचकत राहावे. डेल आणि लेनोव्होमध्ये ते सहसा एफ१२ असते, एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ९, तर आसुसमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ१२ असते, पण अनेकदा आधी एफ२ ने बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करावा लागतो. यादीत पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसले तर ज्याच्यापुढे ‘यूईएफआय’ लिहिलेले आहे ते निवडावे.

भाषा आणि की-बोर्ड निवडल्यावर परवाना-की मागितली गेली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ वर क्लिक करावे आणि आवृत्ती विचारली तर लिहून ठेवलेलीच निवडावी. यानंतर डिस्कच्या भागांची यादी येते. साऱ्या कामातील सर्वात जोखमीचा पडदा हाच, म्हणून इथे घाई करू नये.

यादीत डिस्क शून्य, डिस्क एक अशी नावे असतात. कोणती डिस्क कोणती, हे आकारावरून ओळखावे. ५१२ जीबीची डिस्क इथे सुमारे ४७६ जीबी दिसते, २५६ ची सुमारे २३८ आणि १ टीबीची सुमारे ९३१. मोजण्याच्या पद्धतीतील फरकामुळे असे दिसते, जागा चोरीला गेलेली नसते. लावलेला पेनड्राइव्हही यादीत असतो, त्याला हात लावू नये. बॅकअपची बाहेरची डिस्क तर या वेळी लॅपटॉपला जोडलेलीच नसावी. बॅकअप पूर्ण आणि तपासलेला असेल, तर लॅपटॉपच्या डिस्कवरील सर्व भाग एकेक करून ‘डिलीट’ करावेत, उरलेली एकच ‘अनॲलोकेटेड’ जागा निवडावी आणि पुढे जावे. लागणारे छोटे भाग विंडोज स्वतः तयार करते. डी ड्राइव्ह ठेवायचाच असेल तर त्याचा आकार आधी कागदावर लिहून आणावा आणि तो भाग सोडून बाकीचे पुसावेत.

यादी पूर्ण रिकामी दिसली तर डिस्क मेली असे समजून खचून जाऊ नये. नव्या इंटेल लॅपटॉपवर असे पुष्कळदा घडते. ‘लोड ड्रायव्हर’ वर क्लिक करून मघाशी ठेवलेला रॅपिड स्टोरेजचा फोल्डर दाखवला की डिस्क दिसू लागते. ‘या डिस्कवर एमबीआर आहे’ (म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद जुन्या पद्धतीची आहे) असा संदेश आला, तर सर्व भाग पुसून रिकामी जागा निवडल्यावर तो नाहीसा होतो. फाइली लिहिताना ठरावीक टक्क्यावर काम वारंवार थांबत असेल, तर आधी पेनड्राइव्ह आणि यूएसबीची जागा बदलून पाहावी, आणि तरीही थांबले तर डिस्क व रॅमची तपासणी पुन्हा करावी.

एसएसडीवर हे काम साधारण वीस ते तीस मिनिटांत होते, फिरत्या डिस्कवर तासाहून जास्त लागू शकतो. लॅपटॉप पहिल्यांदा आपोआप पुन्हा सुरू होईल तेव्हा कोणतेही बटण दाबू नये आणि पुन्हा पहिला पडदा आला तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा.

पुढचे प्रश्न सोपे आहेत. देश भारत निवडावा. विंडोज ११ इथे इंटरनेट मागते, आणि वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून त्यातील ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू करावे. बहुतेक वेळा काम भागते. मायक्रोसॉफ्ट खाते विचारले जाईल तेव्हा स्वतःचा, लक्षात राहणारा ई-मेल द्यावा.

विंडोज आल्यानंतर

सर्वप्रथम विंडोज अपडेट चालवावे आणि ते ‘काहीही शिल्लक नाही’ असे सांगेपर्यंत, मध्ये दोन-तीन वेळा लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागला तरी, तेच करावे. बहुतेक ड्रायव्हर त्यातच येतात. नंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून कुठे पिवळे उद्गारचिन्ह आहे का पाहावे आणि असेल तर तो ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ‘ॲक्टिव्हेशन’चे पान पाहून विंडोज सक्रिय झाल्याची खात्री करावी. वेगळा अँटीव्हायरस विकत घेण्याची घाई नको. विंडोजमधील डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे.

मराठीसाठी भाषेच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी जोडावी. तिथे इनस्क्रिप्टसोबत ‘मराठी फोनेटिक’ हाही की-बोर्ड मिळतो, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे मराठी टंकता येते. त्यानंतर टॅली बसवून परवाना पुन्हा सुरू करावा, प्रिंटरचा ड्रायव्हर टाकावा आणि जीएसटीच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरत असाल तर त्याचे सॉफ्टवेअर टाकून एकदा प्रत्यक्ष स्वाक्षरी करून पाहावी. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला टोकन ओळखले जात नाही असे कळणे फार त्रासाचे असते.

बिटलॉकर नव्या विंडोजवर पुन्हा आपोआप लागलेले असू शकते, म्हणून त्याची नवी रिकव्हरी की पाहून लॅपटॉपच्या बिलासोबत कागदावर ठेवावी. मग बॅकअपमधील फाइली परत आणाव्यात. फाइली परत आल्या तरी बाहेरच्या डिस्कवरील प्रत किमान महिनाभर पुसू नये, कारण एखादे फोल्डर राहून गेल्याचे पुढच्या महिन्याची बिले काढायला बसल्यावरच लक्षात येते.